फाटा ते गाव : बॅटरीवरच्या छोट्या गाड्यांचं आपल्याकडं जमेल का?

मांजराकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

आपल्या मराठवाड्यात कितीतरी गावांचा पत्ता "अमुक फाटा, तिथून आत चार किलोमीटर" असाच सांगतात. लांब पल्ल्याची एसटी फाट्यावर उतरवते आणि त्यात तिचं काही चुकत नाही. ती प्रत्येक गावात वळायला लागली तर नांदेडहून सोलापूरला निघालेला माणूस दुसऱ्या दिवशी पोचेल. खरा प्रश्न फाट्यापासून पुढचा आहे.

२०२२ पासून ७५ वर्षांपुढच्यांना एसटी फुकट झाली, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. आमच्या फाट्यावर तरी आता उतरणाऱ्यांत म्हाताऱ्या माणसांचा आणि लेकुरवाळ्या बायकांचा भरणा दिसतो. तालुक्याहून स्वस्तात येतात आणि मग लिंबाखाली बसून राहतात. टमटम भरल्याशिवाय हलत नाही, दुपारी तर येतच नाही. ज्याच्या घरी मोटारसायकल आहे त्याला फोन जातो, बाकीचे पायी.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालो, म्हणून डोक्यात रस्तेच घोळतात. अमेरिकेत काही गावांमध्ये लोक बाजारहाट, शाळा, दवाखाना सगळं गोल्फ कार्टवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर फिरायच्या छोट्या गाडीवर करतात असं वाचलं. आपल्याकडं गोल्फ कार्ट नसेल, ई-रिक्षा तरी आहे. ताशी २५ किलोमीटरनं चालणारी, घरच्या प्लगवर चार्ज होणारी गाडी फाटा ते गाव या चार किलोमीटरला पुरायला पाहिजे. पण मला ती नुसती विकत घ्यायची नाही. तालुक्याच्या पातळीवर रस्ता, थांबा, चार्जिंग, भाडं हे सगळं धरून आराखडा कसा करता येईल, ते बोलायचंय. कायद्याचं, बॅटरीचं, धंद्याचं ज्याला जे कळतं त्यानं मोकळेपणानं लिहा.

निजामकालीन

आधी खड्डे बुजवा, मग बॅटरी लावा.

थट्टा सोडा. वेरूळला बॅटरीच्या गाड्या चालतात, पाहिल्या असतील. एकूण ३४ लेण्या, त्यातली १६ नंबरची म्हणजे कैलास समोरच, पण ३० ते ३४ या जैन लेण्या उत्तरेला बऱ्याच लांब. उन्हाळ्यात तिथवर चालत जायचं म्हणजे जीव जातो, म्हणून ती गाडी लोकांना बरी वाटते. पण तिथं गेट आहे, तिकीट आहे, आतल्या रस्त्यावर ट्रक नाही. अजिंठ्यालाही खासगी गाड्या फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबवून शेवटचे चारेक किलोमीटर बसनं नेतात. गेटाच्या आत सगळं जमतं हो. तुमच्या फाट्याला गेट कोण लावणार?

अटलांटाकर_औशाचा

मी मूळ औसा तालुक्यातला, सध्या जॉर्जियात. धागाकर्त्यांनी वाचलेलं गाव बहुतेक पीचट्री सिटी असावं, ते माझ्या घरापासून जवळच आहे, म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं लिहितो.

१९५९ मध्ये आखून वसवलेलं गाव. गाड्यांच्या रस्त्यांपासून वेगळ्या, झाडांमधून जाणाऱ्या डांबरी वाटा आहेत, सगळ्या मिळून साधारण १६० किलोमीटर. त्यांवर पायी चालणारे, सायकली आणि गोल्फ कार्ट एकत्र. हायस्कूलच्या आवारात गोल्फ कार्टसाठी वेगळी पार्किंग आहे, पोरं तीच घेऊन येतात. किराण्याच्या दुकानासमोर मोटारींच्या शेजारी कार्टांची रांग. पहिल्यांदा पाहिलं की गंमत वाटते.

पण ज्या गोष्टीचा फोटो कुणी काढत नाही ती जास्त महत्त्वाची. गावातून दोन मोठे राज्य महामार्ग जातात, ५४ आणि ७४. कार्टच्या वाटा या हायवेंच्या वरून पुलावरून किंवा खालून बोगद्यातून जातात. गर्दीच्या हायवेवर कार्टवाल्यानं ट्रकच्या रांगेत घुसून पलीकडं जायचं, हा प्रकारच ठेवलेला नाही. सगळा खेळ त्या पुलांमुळं आणि बोगद्यांमुळं चालतो.

कायद्यातही फरक आहे. साधी गोल्फ कार्ट वेगळी आणि 'लो स्पीड व्हेइकल' वेगळी. १९९८ मध्ये इथल्या केंद्र सरकारनं हा दुसरा वर्ग काढला : वेग ताशी २० ते २५ मैल, म्हणजे ३२ ते ४० किलोमीटर, आणि दिवे, आरसे, सीटबेल्ट सक्तीचे. अशा गाड्या कोणत्या रस्त्यावर चालतील हे राज्यं ठरवतात, बहुतेक ठिकाणी जिथं वेगमर्यादा ३५ मैलांपर्यंत आहे तिथंच. कॅलिफोर्नियात गावांनी गोल्फ कार्टचा रीतसर वाहतूक आराखडा करायची सोय कायद्यात आहे, पाम डेझर्ट हे त्यातलं आधीचं गाव. त्या आराखड्यात कार्टनं मोठा रस्ता कुठं ओलांडायचा हे दाखवावं लागतं.

अवांतर : इथले लोक हौसेनं कार्ट घेतात, घरी दोन मोटारी असतातच. आपल्याकडं ती गरज आहे. त्यामुळं तुलना एका मर्यादेपर्यंतच करा.

कलम_कचेरी

कायद्याचं मी सांगतो, कारण यात लोक फसतात.

चार चाकांची गोल्फ कार्ट आपल्याकडं सार्वजनिक रस्त्यावर प्रवासी वाहतुकीला आणायचा विचार सोडून द्या. विमानतळ, विद्यापीठ, देवस्थानाचं आवार, रिसॉर्ट इथं ठीक. मोटार वाहन कायद्यात २०१५ मध्ये २-अ हे कलम आलं, त्यात ई-रिक्षा आणि ई-कार्टची व्याख्या आहे : बॅटरीवर चालणारी, तीन चाकांची, ४००० वॅटपर्यंतची गाडी. 'ई-कार्ट' शब्दानं गोंधळू नका, ती मालवाहू तीनचाकी आहे, गोल्फशी तिचा संबंध नाही.

नियमांप्रमाणे ई-रिक्षात चालक सोडून चार प्रवासी, सगळ्यांचं मिळून ४० किलो सामान, वेग ताशी २५ किलोमीटर. ई-कार्टला ३१० किलो माल. २०१६ च्या अधिसूचनेनं परमिटमधून सूट दिली, म्हणून लोकांना वाटतं काहीच लागत नाही. नोंदणी लागते, विमा लागतो, फिटनेस लागतं, चालकाला ई-रिक्षाचं लायसन लागतं आणि त्याआधी दहा दिवसांचं प्रशिक्षण. परमिट नसलं तरी ठरावीक रस्त्यावर बंदी घालायचा अधिकार सरकारकडं आहेच.

जाहिरातीत "लायसन नको, पासिंग नको" म्हणतात ती निराळी गोष्ट. २५० वॅटच्या आतली, २५ च्या आत वेग असलेली दुचाकी त्यात बसते. तिच्यावर भाडं मारायचं नसतं.

भूमकन्या

मी शाळेत शिकवते, फाट्यापासून आत रोज जाणं-येणं आहे. मांजराकाठ काका, तुम्ही लिंबाखालचं लिहिलंत ते अगदी खरं, फक्त आमच्याकडं लिंबही राहिला नाही, रुंदीकरणात गेला.

सकाळच्या टमटमचं चित्र सांगते. मागच्या बाजूला दुधाच्या कॅनी दोरीनं बांधलेल्या, मधल्या फळीवर आम्ही मास्तरीण मंडळी, पायाखाली पेंडीचं पोतं, चालकाच्या दोन्ही अंगांना दोन पोरं निम्मी बाहेर. कॅनीच्या झाकणाला ओली फडकी गुंडाळलेली असते, वळणावर त्यातून दूध गळून चपलेवर येतं. वकीलसाहेब, तुमच्या त्या ४० किलोत आमची एक कॅनसुद्धा बसत नाही. चाळीस लिटरची कॅन भरली की तिचंच वजन ४० च्या वर.

म्हणून सांगते, जो कुणी आराखडा करेल त्यानं माणसं आणि दूध वेगळं धरू नये. सकाळी सहाला दूध बाहेर जातं, त्याच गाडीनं परत येताना आम्ही आत जातो. एकच गाडी, एकच माणूस. त्याला कायद्यानं दोन गाड्या घ्यायला लावलं तर तो एकही घेणार नाही.

सेल_चार्जर (नांदेड)

बॅटरीचं दुकान आहे, रोज हेच बघतो.

साधी ई-रिक्षा ४८ व्होल्टवर चालते, १२ व्होल्टच्या चार लेड ॲसिड बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडलेल्या. १२० अँपिअर-अवरच्या धरल्या तर आत साधारण पावणेसहा युनिट वीज मावते, भरताना गळती धरून मीटरवर सात-आठ युनिट पडतात. रात्रभर, आठ-दहा तास लागतात. नवीन असताना ६०-७० किलोमीटर देते, पुढं कमी कमी होत जातं.

कंपनीवाला जे सांगत नाही ते आपला उन्हाळा सांगतो. एप्रिल-मेमध्ये ४२-४३ डिग्रीत गाडी दिवसभर पत्र्याखाली उभी. बॅटरीतलं पाणी उडतं, प्लेटी उघड्या पडतात. डिस्टिल्ड वॉटर घालायला लोक आळस करतात किंवा बोअरचं पाणी घालतात. आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे क्षार, सेट सहा महिन्यांत बसतो. नीट सांभाळला तर वर्ष-सव्वा वर्ष. लिथियम घेतली तर महाग, पण तीन-चार तासांत भरते, पाणी घालायची भानगड नाही आणि टिकते कितीतरी जास्त. भाड्याच्या गाडीला मी लिथियमच सांगतो. परवडत नाही म्हणून माणूस लेड ॲसिड घेतो आणि दुसऱ्या वर्षी कर्ज काढून सेट बदलतो.

अजून एक. लेड ॲसिड चार्ज होताना हायड्रोजन सोडते. रात्री बंद खोलीत, देवघराच्या शेजारी चार्जिंगला लावू नका. शेड उघडी पाहिजे.

निजामकालीन

दुधाची कॅन, हायड्रोजन, देवघर. चर्चा रंगली. मला एवढंच विचारायचंय की टमटम आहे ना? डिझेलची असो की सीएनजीची, ती चढ चढते, दूध नेते, हायवेवरही पळते. मग हे नवं खूळ कशाला?

टमटम_किंग_२४

मी स्वतः टमटम चालवतो. तुम्ही लोकं हिशोब न करताच बोलायलेत म्हणून लिहायलोय.

चार किलोमीटरचा रस्ता. एका चार्जिंगवर सात जा-ये धरा, म्हणजे ५६ किलोमीटर, एकेरी चौदा फेऱ्या. चार सीट आहेत, पण येताना भरलेली आन् जाताना रिकामी, सरासरी दोन माणसं धरा. दहा रुपये सीट. २८० रुपये झाले दिवसाचे. आता खर्च. लाईट आठ युनिट, साठ रुपये. बॅटरीचा सेट ३६ हजारांचा आन् ४५० दिवस चालला तर रोजचे ऐंशी. गाडीला दीड लाख कर्ज घेतलं तर तीन वर्षांचा हप्ता महिना पाच हजाराच्या आसपास, रोजचे १६५. बेरीज करा, ३०५. म्हणजे दिवसभर उन्हात राबून घरचे पंचवीस घालायचे!

सीट पंधरा केली आन् तीन माणसं भरली तर ६३० येतात, हातात सव्वातीनशे राहतात. पोरगं म्हणतं त्यापेक्षा मी बांधकामावर जातो. आमच्या टमटममध्ये आम्ही नऊ-दहा बसवतो म्हणून भागतं. बसवू नये हे मलाही कळतं.

हप्ता निघाला तर ई-रिक्षा चांगली. आवाज नाही, धूर नाही, डिझेलला पैसे मोजायची कटकट नाही. हप्ताच मारतो.

मांजराकाठ

टमटम किंग, धागा काढला त्याचं चीज झालं बघा. हा हिशोब कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

याचा अर्थ मला असा दिसतो की नुसत्या सीटच्या भाड्यावर फाटा ते गाव चालत नाही आणि चालेल असं कुणी सांगत असेल तर तो गाडी विकायला आलाय. ठरलेलं काहीतरी हातात लागतं. दूध संकलनाचा महिन्याचा करार, शाळेच्या पोरांची ने-आण, आठवड्याला लसीकरणाच्या दिवशी आरोग्य उपकेंद्राची खेप. भूमकन्या ताईंचं म्हणणं त्यासाठीच पटतं. पण कायद्यात बसवायचं तर गावानं मिळून दोन गाड्या ठेवाव्या लागतील, एक ई-रिक्षा, एक ई-कार्ट, मालकी बचत गटाची किंवा दूध संस्थेची. चालकाला रोजंदारी, हप्ता गटाकडं. राज्याची पिंक ई-रिक्षा योजना (२०२४) त्याच धर्तीची आहे : २० टक्के सरकार, १० टक्के लाभार्थी बाई, ७० टक्के बँक. छत्रपती संभाजीनगर त्यात आहे. पण ती योजना शहरांसाठी. फाट्यासाठी तसं काही नाही आणि मागणी करायची तर ती इथं करावी लागेल.

पण माझं मन अजून अटलांटाकरांच्या बोगद्यावरच अडकलंय. आपल्याकडं आता फाटे चौपदरी रस्त्यावर आहेत. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव-बीड-संभाजीनगर हा ५२ नंबर घ्या, नाहीतर तुळजापूर-लातूर-नांदेड हा ३६१ घ्या. गाव डावीकडं आणि परतीची बस उजवीकडं थांबते. दवाखाना एका अंगाला, बाजार दुसऱ्या.

भरलेली ई-रिक्षा जागेवरून निघून रस्त्याची एक बाजू, म्हणजे साइडपट्टी धरून दहा-अकरा मीटर, ओलांडायला पाच-सहा सेकंद घेते. ताशी ८० नं येणारा ट्रक सेकंदाला २२ मीटर येतो. म्हणजे सव्वाशे-दीडशे मीटरपर्यंत काही येत नाही याची खात्री पाहिजे, तीही दोनदा, आणि दुभाजकाच्या फटीत मागचं चाक रस्त्यावर राहणार नाही एवढी जागा पाहिजे. प्रत्यक्षात काय होतं? रीतसर वळण दोन किलोमीटर पुढं असतं, म्हणून लोक दुभाजक फोडून कट करतात किंवा उलट्या बाजूनं येतात. टमटम निदान जोरात निघते. २५ च्या वेगाची गाडी तिथं घालणं म्हणजे म्हातारीला ढकलून देण्यासारखं आहे.

म्हणून माझ्या मते आराखड्याची सुरुवात गाडीच्या किमतीनं करूच नये. तालुक्याचा नकाशा घ्यावा आणि ज्या फाट्याखाली भुयारी मार्ग किंवा मोठी मोरी आहे आणि तिथवर सर्व्हिस रोड आहे, त्यांवर खूण करावी. ई-रिक्षा पहिल्यांदा तिथंच. जिथं खूण नाही तिथं गाडीनं हायवे ओलांडायचाच नाही, गावाच्या बाजूला थांबायचं आणि माणसांसाठी पादचारी पूल मागायचा. रुंदीकरण जिथं अजून कागदावर आहे तिथं भुयारी मार्ग आत्ताच मागून घ्यावा. रस्ता झाल्यावर तो मिळत नाही, हे मी नोकरीत पुरतं पाहिलंय.

अटलांटाकर_औशाचा

+१. इथं त्या बोगद्यांत पावसाचं पाणी साचतं बरं का. आपल्याकडं मोरीतून रस्ता काढाल तर जुलैचा विचार आधी करा.

वाळूजचा_फिटर

गाडीच्या अंगानं दोन शब्द. ई-रिक्षाची चाकं १२ इंची, अरुंद. ग्रामसडकचा रस्ता पावणेचार मीटर, काही ठिकाणी तीनच. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आला की तो काही खाली उतरत नाही, आपणच साइडपट्टीवर. काळ्या मातीत साइडपट्टी पावसाळ्यात लोणी होते आणि डांबराची कड वीतभर वर राहते. एक मागचं चाक खाली गेलं की ही गाडी कलंडते, कारण वजन वर आणि चाकांतलं अंतर कमी. काका, नकाशावर खुणा करताना साइडपट्टीला मुरूम आहे का तेही लिहा. आणि दर अर्ध्या किलोमीटरला बाजूला व्हायला जागा. ट्रॅक्टरवाल्यालाही ती हवीच असते.

चढाचं म्हणाल तर दौलताबाद-खुलताबाद घाट किंवा माहूर गडासारखा रस्ता या साध्या गाडीचं काम नाही. तिथं एल-५ वर्गातली मोठ्या मोटरची इलेक्ट्रिक ऑटो घ्या. सपाट लातूर-परभणी-नांदेड पट्ट्यात ई-रिक्षा चालेल.

जाता जाता, चार चाकी छोटी गाडी आपल्याच वाळूजला बनली होती. २०१२ मध्ये दाखवलेली बजाजची आरई-६०, नंतरची क्यूट. २१६ सीसी, ताशी ७० पर्यंत. क्वाड्रिसायकल हा वर्गच तिच्या निमित्तानं कायद्यात आला. ती पेट्रोल-सीएनजीवर होती, पण वर्ग आहे, त्यात बॅटरीची गाडी बसू शकते. तीनचाकीपेक्षा ती कमी कलंडते हे मी छातीठोक सांगतो.

निजामकालीन

आमच्या संभाजीनगर शहराला उलट अडचण. मकई गेट, महमूद गेट यांतून मोठी गाडी घुसली की दोन्हीकडं रांग. तिथं अरुंद आणि हळू गाडीच शहाणी. दरवाजे पाडता येत नाहीत (पाडूही नयेत), गाडी लहान करता येते. त्यामुळं जुन्या शहरापुरता मी तुमच्या बाजूनं. फाट्याचं तुम्ही बघा.

आणि हो, माथेरानचं उदाहरण कुणी देईल म्हणून आधीच सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं, छान झालं. पण माथेरानला मोटारींना बंदीच आहे. तिथं ट्रक मागून येत नाही.

भूमकन्या

काका, खुणांचं काम मुलं करतील. सातवी-आठवीला नकाशाचा धडा असतोच. कोणत्या बसला किती माणसं उतरतात, त्यात साठीच्या पुढची किती, हातात ओझं किती, हे वही घेऊन मांडायला त्यांना आवडेल. फक्त हायवेच्या कडेला मी त्यांना उभं करणार नाही, आतल्या वळणावर बसवीन. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा कागद ठेवता येईल का?

मांजराकाठ

ठेवा. नुसतं निवेदन देऊ नका, ठराव घ्या आणि ठरावात तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा, कारण त्या वेगवेगळ्या टेबलांवर जातात. फाट्यावर शेड आणि उघडं चार्जिंग हे ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात बसू शकतं. साइडपट्टी आणि बाजूला होण्याची जागा ज्या खात्याचा रस्ता आहे त्याच्याकडं. भुयारी मार्ग आणि पादचारी पूल महामार्गाकडं, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. एकाच अर्जात तिन्ही लिहिलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. मसुदा मी करून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

टमटम किंग, तुमच्या हिशोबात दुधाचा करार धरून परत आकडे टाकाल का? कॅनीमागं काय मिळतं ते तुम्हालाच ठाऊक.

टमटम_किंग_२४

टाकतो. उद्या संकलनवाल्याला विचारून सांगतो, तो कॅनीवर देतो का लिटरवर. सेल चार्जर भाऊ, तोवर एक सांगा : पाहुण्यांची जुनी ई-रिक्षा स्वस्तात मिळायलीय, लेड ॲसिडची. तिलाच लिथियम बसते का?

सेल_चार्जर

बसते, पण चार्जर बदलावा लागतो, जुन्या चार्जरवर लिथियम लावायची नाही. कंट्रोलरचा फोटो आणि मागच्या ॲक्सलचा फोटो टाका. ॲक्सलला वेल्डिंग केलेलं दिसलं तर गाडी घेऊ नका.